द्वारकाबाईची तार

ट्रान्झिस्टर खांद्याला लटकवून माणसं ऐटीत हिंडायची, त्या काळातली ही हकीकत. नदीकाठी वेळूघाट म्हणून गाव होतं, अजूनही आहे. तिथं द्वारकाबाई कासार नावाची बाई रेडिओ दुरुस्त करायची.

तिच्या घराण्याचा धंदा बांगड्यांचा. पण तरुणपणी ती शहरात रेडिओच्या कारखान्यात गेली आणि तारा जोडायला डाख द्यायला शिकली. ती परत आली तेव्हा वडील थकले होते. मग तिनं दुकान मधोमध विभागलं. डावीकडं बांगड्या, उजवीकडं रेडिओ. एका हातानं ती सुनांना चुडा भरायची, दुसऱ्या हातानं सासऱ्यांचे रेडिओ बोलके करायची. बिघडलेला रेडिओ ती नुसता कानाला लावायची आणि मालकाच्या घरात भांडण कशावरून झालं ते सांगायची, असं म्हणतात. लेखी पुरावा नाही. लग्न तिनं केलं नाही. गावानं बरीच वर्षं काळजी केली, मग गाव थकलं.

एका श्रावणात गावातले पुरुष होडीनं पलीकडं भोकरीच्या गुरांच्या बाजाराला गेले आणि मागून नदी चढली. असा पूर आधी आला नव्हता, असं म्हणतात. ते प्रत्येक पुराबद्दल म्हणतात. टपाल कचेरीतला फोन मुका झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी नदीच्या खालच्या अंगाचा एक सायकलवाला आला आणि म्हणाला, ‘‘होडी गेली. मी डोळ्यांनी पागोटं वाहताना बघितलं.’’

त्या एका पागोट्यावर गावानं सगळी होडी बुडवली.

बायका देवळापाशी जमल्या. त्यात शेवंता होती, लग्न होऊन पुरतं वर्षही न झालेली. तिचा नवरा होडीत होता. अशा वेळी पुढं व्हायची ती गोदूआजी. कुणी गेलं की त्या घरच्या बाईच्या बांगड्या दगडावर फोडायचं काम तिचंच. गोदूआजीच्या स्वतःच्या बांगड्या नवव्या वर्षीच फुटल्या होत्या. आपला नवरा गोरा होता की सावळा, हेही तिला सांगता यायचं नाही.

‘‘हात पुढं कर, पोरी,’’ गोदूआजी म्हणाली. ‘‘उशीर करून कुणी माघारी येत नसतं.’’

शेवंतानं हात पदराखाली घट्ट धरले. तेवढ्यात द्वारकाबाई आली.

‘‘आजी, बातमी तेवढी आलीय. माणूस कुठं आलाय?’’

‘‘तुझं काय जातंय? फुटल्या तर तुझं एक गिऱ्हाईक कमी, एवढंच!’’

‘‘तेच तर सांगते. फुटक्या बांगड्यांचं मी काय करू? मला अख्ख्या द्या.’’

मग तिनं सांगितलं. संध्याकाळच्या बातम्यांत पुराची खबर सांगतात. पण वेळूघाट खोलात, आवाज पोचायला उंच तार लागते. तिची तार कडुनिंबावर होती आणि कडुनिंब रात्रीच आडवा झाला होता. नवी तार दुकानापासून देवळाच्या दीपमाळेपर्यंत न्यायची, पण ती ओल्या दगडाला, ओल्या फांदीला टेकली की आवाज जमिनीत मुरतो. मध्ये काच पाहिजे.

‘‘आणि गावात काच आहे ती तुमच्या हातांत.’’

एकदा चढलेली बांगडी अख्खी उतरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ती कासाराची मुलगी. तिनं शेवंताचा हात मांडीवर घेतला, तेल लावलं, अंगठ्याचं हाड आत दाबलं आणि बोलत बोलत एकेक बांगडी सोडवली. एकही तडकली नाही. ते बघून बाकीच्या बायकांनीही हात पुढं केले. गोदूआजी म्हणत राहिली, ‘‘अपशकुन आहे हा, अपशकुन!’’

‘‘मग फोडणं काय शकुन होता, आजी?’’ कुणीतरी गर्दीतून म्हणालं. कोण, ते आजवर कळलं नाही. आता मात्र निम्मं गाव सांगतं की ते म्हणणारी आमचीच आजी.

द्वारकाबाई पदर खोचून स्वतः दीपमाळेवर चढली. जिथं जिथं आधार, तिथं चार-चार बांगड्यांचा जुडगा सुतळीनं बांधला आणि त्यातून तार ओवली. वारा पडला होता तरी बांगड्या किणकिणल्या, असं म्हणतात. रेडिओत बॅटरीच नव्हती, असंही म्हणतात. माझ्या मते होती. पण तो बोलला, एवढं खरं. आधी खरखर, मग शेतमालाचे भाव, मग बातम्या. सगळं गाव श्वास धरून दुकानापुढं उभं. आणि आवाज आला की वेळूघाटचे प्रवासी भोकरीच्या शाळेत सुखरूप आहेत, पुरामुळे होडी निघालीच नाही.

निवेदकानं शेवंताचं नाव घेऊन सांगितलं, असं म्हणतात. बातम्या देणारा माणूस परक्याच्या बायकोला नावानं हाक मारत नसतो; पण शेवंताला तसं ऐकू आलं असेल, तर मी कोण नाही म्हणणारा?

बायका हसल्या, रडल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. गोदूआजी तेवढी दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. आपल्या मोकळ्या मनगटाकडं बघत म्हणाली, ‘‘द्वारके, माझ्या वेळी कुठं होतीस गं तू?’’

 द्वारकाबाई तिच्या शेजारी बसली.

पूर ओसरला, होडी आली. पागोटं कोतवालाचं निघालं; भोकरीच्या काठावर होडीची वाट बघताना वाऱ्यानं उडालं होतं. जीव वाचल्याचं त्याला काही नाही, पागोटं कुणी धरलं का नाही म्हणून तो गावावर बरेच दिवस रागावून होता.

पुढं द्वारकाबाई पिकल्या वयात गेली. तिची तार मात्र वेळूघाटनं उतरवली नाही. रेडिओ आता कुणी ऐकत नाही, तरी दर श्रावणात ती नव्यानं ताणतात. आणि त्या दिवसापासून वेळूघाटात बांगडी फोडत नाहीत. कुणी खरोखरच गेलं, तर जाणती बाई येते, तेल लावते, हात मांडीवर घेऊन बोलत बसते आणि बांगड्या अख्ख्या सोडवते. हे काम सुरू झालं तेव्हा पहिली जाणती बाई गोदूआजी होती. उतरवलेल्या बांगड्या तारेत ओवतात. ज्यांना पुन्हा भरायच्या असतात, त्या काही दिवसांनी येऊन आपल्या घेऊन जातात. कुणी काही विचारत नाही.

वारा सुटला की तार किणकिणते. नवखा पाहुणा दचकून वर बघतो. वेळूघाटचा माणूस चालता चालताच सांगतो, ‘‘काही नाही हो, द्वारकाबाई स्टेशन लावतीय.’’