रिठ्यानं न्हालेलं बदक

ऐका आता, आणि मध्ये चुळबुळ नको. एक राजा होता, मानाजी नावाचा. त्याच्या राणीनं त्याचं डोकं उठवलं होतं. तिला धुण्याचं वेड. भिंत धू, झाड धू, दिसेल ते धू! राजकन्या तुळजाचं एक बोलकं बदक होतं, अंड्यातून निघाल्यापासून तिनंच वाढवलेलं. तेवढं राणीच्या हाती लागू नये, एवढीच राजाला धास्ती.

एकदा काय झालं, राणीची नजर परसातल्या अळवावर गेली. "पानांवर बुरशी बसलीय," म्हणाली, आणि पानं काथ्यानं घासली. अहो, बुरशी कुठली, पानाचं मेण ते! त्याच्यामुळंच तर अळवावरून पाणी घरंगळतं, बरं का. मग पाऊस आला. पाणी चिकटून बसलं, पानं सडली.

"आता पुरे!" राजा म्हणाला.

ऐकेल ती राणी कसली? मग तिनं बिरू धनगराचं घोंगडं रिठ्यात बुडवलं. लोकरीचा तेलकटपणा गेला, आणि बिरू पावसात चिंब होऊन शिंकत दारात आला. "महाराज, राणीसाहेबांना आवरा. घोंगडं हाय का पोतेरं, कळंना!"

"पण वास गेला ना?" राणी म्हणाली.

राजानं कपाळावर हात मारला.

मग राजा जेवायला बसला, तेवढ्यात राणीनं बदकाला गाठलं. रिठ्याच्या फेसानं पीसन् पीस चोळलं, दिलं तळ्यात सोडून. पिसांत पाणी शिरलं, बदक लागलं बुडायला! तुळजा किंचाळली. राजा खरकट्या हातानं धावला, मुकुटासकट उडी मारली, बदक काढलं.

कुडकुडत बदक म्हणालं, "बाई, माझ्या शेपटीशी तेलाची गाठ आहे. ते तेल चोचीनं पिसांना लावायचं, तेव्हा कुठं पाणी बाहेर राहतं. सगळं धुतलंस की गं!"

"मी आपलं चांगल्यासाठी..."

"गप्प!" राजा ओरडला. "पिसं पुन्हा तेलकट होईस्तोवर याला मांडीवर घेऊन चुलीपुढं बस. आणि काही धुवायचं नाही!"

राणी बसली. बदक मांडीवरच घाण करायचं, राणीचे हात शिवशिवायचे, पण करते काय? मग एके दिवशी तुळजानं त्याच्या पाठीवर ओंजळभर पाणी टाकलं. टपाटपा ओघळून गेलं! बदक ऐटीत तळ्याकडं निघालं.

"एवढी चोच तरी पुसू का रे?" राणीनं विचारलं.

"हात लावून तर बघ!" बदक म्हणालं, आणि तरंगत लांब गेलं.

झालं. सगळी सुखानं नांदली. मिटा आता डोळे, किती जागाल?