चिमाची म्हैस आणि राजाचे जोडे

चिमा गवळणीची म्हैस संक्रांतीला चोरीला गेली, दुसऱ्याच दिवशी चोरासकट सापडली, आणि तिथून खरा घोळ सुरू झाला! निकाल लागेपर्यंत चोरीचा माल कोतवालाच्या ताब्यात, असा राजाचा नियम. न्यायाधीश तारखांवर तारखा देत राहिले. वैशाख आला. म्हैस कोतवालाच्या गोठ्यात, दूध कोतवालाच्या घरात आणि चिमाचं पारडू नुसत्या पेजेवर! त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या तेव्हा चिमाला रडू फुटलं. मग संताप आला, आणि ती तडक दरबारात गेली.

"सरकार, चोर कोठडीत पोटभर जेवतोय आणि शिक्षा भोगतंय माझं पारडू! दूध पितात कोतवालसाहेब!"

कोतवालानं मिशीवरची साय पुसली. "धार काढावीच लागते, सरकार! नाहीतर कास सुजेल. मालाची काळजी नको घ्यायला?"

राजा पक्का हट्टी. "माझ्या नियमाचा त्रास तुला एकटीलाच कसा होतो? चोर सापडूनही हाल सोसणारा दुसरा माणूस दाखव. तोही याच राजवाड्यात, माझ्या जेवणाआधी! मग बघू."

राजवाड्यात तर कधी चोरीच होत नसे. दरबारी फिदीफिदी हसले.

"दाखवते की!" म्हणत चिमा बाहेर गेली.

दरबार उठला. भुकेला राजा दाराशी आला, तर त्याचे जरीचे जोडे गायब! समोर चिमा उभी, हातात जोडे.

"चोर मीच, सरकार!"

कोतवालानं झडप घालून जोडे हिसकावले. "माल जप्त!"

"शाब्बास! आण इकडे."

कोतवाल चाचरला. "पण सरकार... निकाल लागेपर्यंत... आपलाच नियम..."

जेवणघर अंगणापलीकडे, आणि अंगणातल्या फरश्या तव्यासारख्या तापलेल्या. राजानं एक पाऊल टाकलं आणि टुणकन मागे उडी मारली.

"न्यायाधीश! आत्ताच्या आत्ता निकाल द्या!"

"रांग मोडून कसं चालेल, सरकार?" चिमा म्हणाली. "तुमच्या जोड्यांच्या पुढं माझी म्हैस उभी आहे! आणि तोवर चामडं ताठू नये, म्हणून कोतवालसाहेबांनी जोडे रोज घालून फिरावं. मालाची काळजी नको घ्यायला?"

राजानं कोतवालाच्या धुळीनं भरलेल्या पायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या भाजलेल्या तळव्याकडे, आणि तो खो खो हसत सुटला.

"सापडला गं तुझा दुसरा माणूस! म्हैस आत्ता घरी ने. यापुढं सापडलेला माल त्याच दिवशी मालकाच्या दारी! कोतवाल, म्हैस तू पोचवायची. भर उन्हात, अनवाणी! आणि प्यालेल्या दुधाची भरपाई तुझ्या घरातून." मग त्यानं डोळे वटारले. "पण चिमा, राजाचे जोडे चोरलेस, त्याचं काय?"

"त्याची काही घाई नाही, सरकार," चिमा हात जोडून म्हणाली. "नेहमीसारखी तारीख द्या!"

राजाला हसू आवरेना. "नको बाई! जोडे तुलाच बक्षीस. आता चोरीही नाही आणि खटलाही नाही!"

पुढं ढगळ जरीचे जोडे फटक फटक वाजवत चिमा, मागं म्हैस, तिच्या मागं पाय पोळलेला कोतवाल अशी वरात कोतवालाच्या गोठ्यातून निघाली. आणि राजा? तो हसत, उड्या मारत अंगण ओलांडून जेवायला गेला.