हैबतीने बरी केलेली वाट

हिरडगडच्या राज्यात हैबती नावाचा एक मुकादम होता. बांध घालावा, पूल बांधावा, दगड बसवावा तर त्यानेच. बोलणे मात्र तुटक. लोक म्हणत, हा माणसांपेक्षा दगडांशीच जास्त बोलतो.

हिरडगडापासून वेळघरच्या बंदरापर्यंत वीस कोसांची एक जुनी गाडीवाट होती. पावसाळ्यात तिच्यावर गाड्यांचे फार हाल होत. एका वर्षी तर मिठाच्या चाळीस गाड्या ओढ्यात अडकल्या आणि पोत्यांतले सगळे मीठ विरघळून वाहून गेले. पुढे कित्येक दिवस हिरडगडात अळणी आमटी शिजत होती. राजवाड्यातसुद्धा!

राजा उदयभान संतापला. त्याने हैबतीला दरबारात बोलावले. "ती जुनी वाट सोडून दे. डोंगर फोडून बंदरापर्यंत सरळ राजमार्ग बांध. आठ गाड्या शेजारी शेजारी धावल्या पाहिजेत, माझं नाव निघालं पाहिजे. काम पुरे झाले की तुला पालखीचा मान देईन."

प्रधानजींनी नव्या मार्गाची सरळ रेघ मारलेला नकाशा पुढे पसरला. हैबतीचे डोळे चमकले. असे काम जन्मात एकदाच मिळते. आणि पालखी! त्याच्या घराण्यात कोणी कधी घोड्यावरही बसले नव्हते. तरी तो म्हणाला, "महाराज, आधी जुनी वाट एकदा चालून येतो. मग कुदळ मारतो."

तो पायीच निघाला. काठीने चिखलाची खोली बघत, भेटेल त्या गाडीवानाला थांबवत चालला.

"इथं चाक रुततं. आणि पुढं?"

"पुढं काही नाही, मुकादम. पुढं बैल डुलक्या घेत चालतात."

जो तो हेच सांगे. हैबतीने वाकून पाहिले. जुन्या कारागिरांनी दगड असा बसवला होता, की पहार घालूनही हलेना. वाट बिघडली होती ती फक्त सात जागी. कुठे बाजूचा चर बुजून पाणी वाटेवर तुंबत होते, कुठे ओढ्याचे पाणी खालून जायला मोरी नव्हती. घाटातल्या वळणावर तर समोरून दुसरी गाडी आली की दोन्ही अडत.

परतताना तो नकाशातल्या रेघेवरून चालत आला. ती रेघ कवठाळी गावाच्या मळ्यांतून जात होती. तिथे एक बाई विहिरीतून पाणी शेंदून वांग्यांना घालत होती.

"कसली मोजणी चाललीय, दादा?" तिने विचारले.

हैबतीने विहिरीत डोकावून पाहिले. तिची विहीर बरोबर रेघेवर होती.

दुसऱ्या दिवशी तो दरबारात उभा राहिला. "महाराज, नवा रस्ता नको. जुनी वाट सात जागी आजारी आहे. तेवढी बरी केली की पुरे."

दरबारात हशा पिकला. प्रधानजी म्हणाले, "मुकादमाला डोंगराची भीती वाटलेली दिसते."

हैबतीचे कान तापले. "डोंगर मी फोडीन, प्रधानजी. दहा वर्षं लागतील. ते दहा पावसाळे लोक याच चिखलातून जातील. कवठाळीची विहीर बुजेल. आणि जुन्या वाटेवरच्या गावांकडे मग कुत्रंही फिरकणार नाही."

"आणि तुझी पालखी?" राजाने विचारले.

हैबतीने मान खाली घातली. "हवीशी होती, महाराज. खोटं कशाला बोलू? पण माझ्या पालखीसाठी लोकांची विहीर बुजवायची, हे मला जमायचं नाही."

राजा सिंहासनावरून उठला. मग म्हणाला, "पावसाळ्याला आठ महिने आहेत. जा. पण गाड्या पुन्हा अडल्या, तर तुझी मुकादमी गेली."

हैबती कामाला लागला. चर उपसले, मोऱ्या बांधल्या, खडी आणि मुरूम दाबून वाट मध्ये उंच केली, घाटातले वळण आणखी एका गाडीपुरते रुंद केले. वाटेवरच्या गावांतली माणसे न बोलावता टिकाव-फावडी घेऊन आली. शेवटच्या मोरीचा दगड बसला, तेव्हा आभाळ भरून आले होते.

श्रावणात नऊ दिवस झड लागली. दहाव्या दिवशी राजाला राहवेना. साधी घोंगडी पांघरून तो हैबतीबरोबर ओढ्याच्या दिशेने निघाला.

समोरून एक कुंभारीण गाडी हाकत आली. गाडीत मडकी रचलेली होती.

"ओढा भरला असेल ना, बाई?" राजाने विचारले.

"भरलाय की. तो खालून गेला, मी वरून आले."

"मडकी किती फुटली?"

"फुटायला काय झालं? वाट चांगली आहे. जरा बाजूला व्हा बघू, मला बाजार गाठायचाय."

राजा मुकाट्याने बाजूला झाला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो पाहत राहिला. मग त्याने भर पावसात हैबतीपुढे हात जोडले. "राज्यातल्या साऱ्या जुन्या वाटा आजपासून तुझ्या हाती, हैबती. मी फक्त माझं नाव पाहत होतो. वाट तू पाहिलीस."

तात्पर्य: स्वतःच्या मानापेक्षा लोकांची अडचण आधी पाहतो आणि हाताशी आहे तेच नीट करून ती दूर करतो, तोच खरा कर्तबगार.