शंभर टक्के निकालाचं वर्ष

“पण त्या वर्षी तुम्ही एकट्याच शिकवत होतात ना, बाई?”

पोफळेबाई वाल सोलत राहिल्या.

विचारणारा सुधन्वा वैराळे त्यांचाच जुना विद्यार्थी. आता बाईंनी जिथं शिकवलं, त्याच फार्मसी कॉलेजचा प्राचार्य. सकाळच्या एसटीनं तो रोह्याला बाईंच्या घरी आला होता. आवाज पार बसलेला.

“यंदा साठ मुलं नोंदणीच्या परीक्षेला बसली,” तो म्हणाला. “बावीस सुटली. बाकीच्यांना फार्मासिस्ट म्हणून कुठं उभं राहता येणार नाही.”

“शिक्षक किती आहात?”

“जागा सात. आहोत तिघं. संस्थेचे लोक म्हणतात, पोफळेबाईंनी एकटीनं अख्खा वर्ग पास केला होता. मलाही ते पटलं. पाच विषय मीच घेतो, सकाळी सातपासून… कष्टात तुमच्या मागे नाही मी.”

बोलण्यात अभिमान होता. डोळे मात्र भरून आले होते.

“मग माझी मुलं का नापास होतात? तुमची युक्ती काय होती, तेवढी सांगा.”

बाई उठल्या. आतून कोमट पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. पाण्यात मीठ घातलेलं होतं.

“आधी गुळण्या कर.”

प्राचार्यांनी अंगणाच्या कडेला जाऊन मुकाट गुळण्या केल्या.

तो परत येऊन बसल्यावर बाईंनी विचारलं, “त्या वर्षी परीक्षेला किती जण बसले होते?”

“एकोणचाळीस. सगळे पास.”

“आणि वर्गात किती होतात?”

“चाळीस…”

तो थांबला. आठवू लागला.

“कोण नव्हतं, बाई?”

“बघ. तुलाही आठवत नाही.” बाईंचा आवाज मऊ होता. “आशा घरत. दाराजवळ बसायची. मलमं फार सुरेख घोटायची. दिवाळीनंतर यायची बंद झाली.”

“का?”

“मला कुठं ठाऊक होतं? दोघं शिक्षक सोडून गेले होते, त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. चार विषय, प्रात्यक्षिकं, तपासायच्या वह्या. हजेरी घेताना तिच्या नावापुढं रोज फुली मारत होते. हात मारत होता, सुधन्वा. मी नव्हते तिथं.”

बाईंनी पुढचा वाल सोलला.

“फेब्रुवारीत परीक्षेचे फॉर्म भरताना लक्षात आलं. तशीच तिच्या घरी गेले. आठवड्यापूर्वी लग्न झालं होतं तिचं. वडील म्हणाले, कॉलेजातून कुणी विचारायलासुद्धा आलं नाही, म्हटलं पोरीचं तिथं काही खरं नसेल.”

“आशा भेटली?”

“पुढं भेटली, तिच्या सासरी. रागावली नाही. चहा दिला. म्हणाली, बाई, मी महिनाभर वाट बघितली तुमची…”

बाईंनी वालाची साल बोटावरून पुसली.

सुधन्वानं पिशवीतून एक कागद काढला. संस्थेला द्यायचं पत्र. ‘यंदाही आहे त्या शिक्षकांत निभावून नेतो’ असं त्यात लिहिलं होतं. त्यानं तो एकदा वाचला आणि फाडला.

“चार शिक्षक मागतो,” तो म्हणाला. “पण ते ऐकणार नाहीत. तुमचंच नाव पुढं करतील. तुमच्या त्या निकालाची पाटी लावलीय त्यांनी ऑफिसात. लोक अजून सांगतात, बाई… मी त्यांना काय उत्तर देऊ?”

बाईंनी हात धुतले, चष्मा लावला आणि त्याच्यापुढं कोरा कागद ठेवला.

“लिही. पोफळेबाईंना एकटीला जमलं नव्हतं. खाली सही मी करते.”