लायसन घरी, परसू गोव्यात

चंदगडकडच्या एका गावात परसू नावाचा एक भोळा गडी होता. भरमाण्णांच्या टेम्पोतून गोव्याला रताळी पोचवायचा. सांगितलेलं तंतोतंत करायचा, तेच तर दुखणं होतं.

एकदा गोव्यात सीटचा पट्टा लावला नाही म्हणून पोलिसांनी त्याची पावती फाडली. परसू हसतच घरी आला. "गोव्यातलं गोव्यात ऱ्हायलं की, अण्णा!"

अण्णांनी कपाळाला हात लावला. "आरं खुळ्या, तिकडं करशील ते इकडं तुझ्या लायसनवर चढतंय! असं चढत गेलं तर लायसन जाईल, मग खाशील काय?"

"बरं, अण्णा."

पुढच्या खेपेला लाल दिवा दिसताच परसू शहाण्यासारखा थांबला. दिवा हिरवा झाला. परसू टेम्पो तिथंच सोडून पोलिसाकडं गेला. "साहेब, मी थांबलोय. लिवा की! तिकडं लायसनवर चढू दे."

मागं गाड्यांची ही रांग लागली. रस्ता अडवल्याची दुसरी पावती फाटली.

अण्णा रडायचेच बाकी राहिले. "आता तरी लायसनला जप! आणखी एक डाग पडला तर गेलंच समज."

"बरं, अण्णा."

परसूनं लायसन पुसलं, प्लॅस्टिकात गुंडाळलं, देव्हाऱ्यात ठेवलं आणि टेम्पो काढला.

"लायसन दाखव," गोव्यातला पोलीस म्हणाला.

"घरी हाय. हितं आणून डाग लावून घिऊ व्हय?"

तिसरी पावती फाटली. तीही नोंदीत चढली आणि आरटीओचं बोलावणं आलं. आता मात्र अण्णा स्वतः टेम्पोत बसून बरोबर गेले. दारातच बजावलं, "हात जोडून म्हण, गोव्यात पुन्यांदा असं करणार न्हाई. त्येच्यावर जास्तीचं काय कबूल करू नगंस."

परसूनं लायसन आरटीओ साहेबांच्या टेबलावर ठेवलं, हात जोडले. "गोव्यात पुन्यांदा असं करणार न्हाई."

साहेब विरघळले. मनानं चांगला माणूस बिचारा. "बरं, या वेळी सोडतो. आणि इकडं? इकडं नीट चालवशील ना?"

परसू विचारात पडला. "इकडचं अण्णांनी कायबी सांगितलं न्हाई, साहेब."

साहेबांनी लायसन उचललं, ड्रॉवरमध्ये टाकलं. "तीन महिने गाडीला हात लावायचा नाही!"

"बरं, साहेब," म्हणत परसू बाहेर गेला.

अण्णा आत विनवण्या करत होते, तेवढ्यात धडाड आवाज झाला. दोघं खिडकीशी धावले. परसूनं किल्ली दातांनी फिरवली होती, गिअर कोपरानं टाकला होता, स्टिअरिंग गुडघ्यांनी वळवलं होतं, आणि टेम्पो साहेबांच्या नव्या गाडीत घुसवला होता.

दोन्ही हात वर करून तो ओरडला, "बगा साहेब, हात न्हाई लावला!"