तळ्यात चाललेला नांगर

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूंना अख्खे तळे भेट द्यायचे ठरवले. तळे त्याच्या मालकीचे नव्हते, हे खरे. पण प्रेमात माणूस मालकीचा विचार करीत नाही, आणि शिष्याचे गुरूंवर फार प्रेम होते.

गुरू वृद्ध होते. धानाच्या मुलखात, एका गावाबाहेर, मोठ्या तळ्याच्या काठी त्यांचा लहानसा आश्रम होता. गावकरी त्यांना बाबाजी म्हणत. चाळीस वर्षे बाबाजी रोज सकाळी त्याच तळ्यात स्नानाला उतरत आणि चाळीस वर्षे पाण्यातले गवत त्यांच्या पायांत अडकत असे. एका सकाळी घोट्याभोवतीची वेल सोडवता सोडवता ते पुटपुटले, "काय मेले हे गवत! जीव नकोसा केलाय." ज्ञानी माणसेही कुरकुरतात, फक्त आपली कुरकुर कोण ऐकतो आहे, याकडे त्यांचे लक्ष नसते. घाटावर कोरडे धोतर घेऊन शिष्य उभा होता. त्याने ती कुरकुर मनात साठवून ठेवली.

त्या वर्षी दसरा झाल्यावर बाबाजी तीन महिन्यांच्या यात्रेला गेले. मागे राहिलेला शिष्य विचार करू लागला. या माणसाने आपल्याला अक्षर दिले, अन्न दिले, तापात फणफणलो तेव्हा उशाशी बसून कपाळावर घड्या ठेवल्या. यांना गुरुदक्षिणा द्यायची तर काय द्यावी? उत्तर त्याच्याजवळ तयारच होते.

त्याने गावातले तीसेक तरुण जमवले. दाताळी आली, दोरखंड आले, दोन डोंगे आले. दीड महिना ती मंडळी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून गवत उपटत होती. पाणवेली, कमळाचे कंद, काठची लव्हाळी, सगळे ओढून तळ्याच्या मातीच्या पाळीवर टाकले. हिरवे ढीग वाळून करडे झाले. दिवाळीनंतर महिन्याभरात तळे असे नितळ दिसू लागले, की शेजारच्या गावचे लोक बैलगाड्या करून पाहायला येऊ लागले.

"आरसा झाला, आरसा!" गावचे पाटील म्हणाले. कोळी मंडळीही खूश होती. जाळे आता कुठे अडकत नव्हते, आणि लपायला जागा नसलेले मासे ओंजळीत घ्यावेत तसे सापडत होते. एकटी भिवरामाय तेवढी गप्प होती. तळ्याच्या पलीकडे या कोळ्यांची, म्हणजे ढिवरांची, बारा घरांची टोली होती, त्यातली ती सर्वांत वयस्क बाई. एक दिवस पाळीवर उभी राहून ती शिष्याला म्हणाली, "बापू, माश्यायचं घर उपटून रायले तुमी."

शिष्य हसला. "माय, मासे पाण्यात राहतात, कचऱ्यात नव्हे."

भिवरामायने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती निघून गेली. शिकलेल्या माणसाशी वाद घालण्याची तिला सवय नव्हती, आणि शिकलेल्या माणसाला तिला विचारण्याची.

संक्रांतीच्या आधी बाबाजी परतले. शिष्याने त्यांना हाताला धरून घाटावर नेले, साष्टांग नमस्कार घातला आणि म्हणाला, "बाबाजी, ही माझी दक्षिणा. आता तुमच्या पायाला गवताची काडीसुद्धा लागायची नाही."

बाबाजींनी पाण्यावरून पाळीपर्यंत नजर फिरवली. मग त्यांनी विचारले, "या वर्षी बदके उतरली नाहीत का रे?"

"नाही दिसली खरी."

"आणि पाळ तिथे का खचली आहे?"

"लाटा लागतात तिथे. दुरुस्त करून घेऊ."

बाबाजींनी शिष्याच्या डोक्यावर हात ठेवला. "फार कष्ट घेतलेस," एवढेच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते स्नानाला विहिरीवर गेले, तिसऱ्या दिवशीही तिथेच. शिष्याला ते फार लागले. आपली भेट नाकारली गेली, असे त्याला वाटले, आणि तो आतल्या आत झुरू लागला.

होळीपर्यंत जाळी रिकामी येऊ लागली. सकाळी टाकलेल्या जाळ्यात संध्याकाळी चार झिंगे निघाले तरी नशीब म्हणायचे. मग भिवरामाय आश्रमात आली. ती उंबऱ्याबाहेरच बसली.

"बाबाजी, आमी चाललो. बाराही घरं. दूर नदीवर जाऊ म्हन्ते पोरं. इथं आता काय हाय? पानी हाय, त्यात जीव नाही."

शिष्य आत पोथी बांधत होता. त्याचे हात थांबले. ज्या तळ्याकडे पाहून लोक त्याची पाठ थोपटत होते, त्याच तळ्याने बारा घरांच्या चुली विझवल्या होत्या. तो बाहेर येऊन बाबाजींच्या मागे उभा राहिला.

बाबाजी म्हणाले, "भिवरामाय, एक पावसाळा थांब."

"थांबू, पन खाऊ काय जी?"

"आश्रमाच्या कोठीत धान आहे. ते बारा घरांचे आणि आमचे. पुरवून खाऊ. तोपर्यंत माझ्या या शिष्याला तू शिकव."

"मी? काय शिकवू यायले?"

"जे मलाही येत नाही ते."

भिवरामायने बोटांवर महिने मोजले. शेवटी म्हणाली, "कोजागिरीपावतर थांबू. तवरिक मासोळी नाही दिसली, त गाड्या जुपू."

वैशाखात तळे आटले. पूर्वी त्यात बारमाही पाणी असे. या वर्षी उघड्या पाण्यावर ऊन सरळ पडले आणि तळ विटेसारखा कडक झाला. एका सकाळी बाबाजींनी पाटलांकडून बैलजोडी मागून आणली, नांगर जुंपला आणि ते तळ्यात उतरले. होय, तळ्यात. सत्तर वर्षांचा माणूस कोरड्या तळ्यात नांगर धरून उभा राहिला, तेव्हा पाळीवर ही गर्दी जमली.

"बाबाजी, धान पेरता का तळ्यात?" कोणी ओरडले. "यात्रेत ऊन लागलं वाटते बाबाजीले!" दुसरा म्हणाला, आणि हशा पिकला. शिष्य मान खाली घालून बैलांच्या पुढे चालत होता. लोक आपल्याला हसले असते तर त्याने सोसले असते. गुरूंना हसत होते, ते त्याला सोसवेना. दोन तास झाल्यावर त्याचा धीर सुटला.

"बाबाजी, हे आपण काय करतो आहोत? मासे हवेत, तर कुठून तरी मासे आणून सोडू. जमीन नांगरून मासे उगवतात का?"

बाबाजींनी नांगर थांबवला. घाम पुसत ते एका ढेकळावर बसले.

"मासे सोडलेस, तर त्यांना राहायला काय देशील? आधी गवत लावायचे, आणि त्याचे मूळ शिरायला हा कडक तळ नांगरायला हवा," ते म्हणाले. "मी भिवरामायला विचारले. चाळीस वर्षे इथे राहून पहिल्यांदा विचारले, याची मला लाज वाटते. ती म्हणाली, मरळ मासोळी गवत गोळा करून घरटे करते आणि पिले मोठी होईपर्यंत त्याच्याखाली राखण करते. ते गवत खायला थंडीत बदके यायची, त्यांच्या विष्ठेने पाणी पोसायचे. वाऱ्याने उठलेली लाट त्याच गवतात मोडायची, म्हणून पाळ शाबूत राहायची, आणि पाळ शाबूत म्हणून खालच्या बांध्यांना, म्हणजे शेतांना, पाणी मिळून धान पिकायचे. ते धान तू आणि मी खाल्ले. माझ्या पायाला जे अडकत होते ना, त्यानेच आपल्याला जेवू घातले होते."

शिष्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "मग दोष माझाच."

"अर्धा माझा आहे. कुरकुर मी केली, तू ती आज्ञा समजलास. आणि हेही ऐक. हे तळे आकाशातून पडलेले नाही. या गावाच्या पूर्वजांनी कुदळीने खोदले, पाळ घातली. माणसाचा हात लागला म्हणून इथे तळे झाले, तेव्हा हात लावणे हे पाप नव्हे. पूर्वजांनी हात लावला आणि मग पाणी, गवत, पाखरे यांना आपापले काम करू दिले. आपण हात लावला तो, कोण काय काम करते आहे हे न विचारता. तुझ्या मनात कृतज्ञता होती, ती खोटी नव्हती. ज्याचे आभार मानायचे, त्यालाच आपण उपटून पाळीवर टाकले, इतकेच. चल, ऊठ. बैल तहानले आहेत."

पाळीवरचा हशा थांबला होता. दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः दुसरी जोडी घेऊन तळ्यात उतरले. ज्यांनी गवत उपटले होते, ते तीस तरुणही आले.

पावसाने तळ मऊ केल्यावर भिवरामाय पुढे आणि शिष्य मागे, असे दोघे रोज रानातल्या बोडीवर जाऊ लागले. त्या लहानशा तळ्याकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते, म्हणून तिथले गवत वाचले होते. ओल्या पोत्यात कंद आणि मुळ्या गुंडाळून शिष्य डोक्यावर आणी. कुठले गवत खोल पाण्यात, कुठले काठाशी, हे ती बोटाने दाखवी आणि तो चिखलात गुडघे टेकून लावी. त्याने एकदा चुकीचे रोप उचलले तेव्हा ती म्हणाली, "ते नोको बापू, ती बेशरम हाय. कोनाच्या कामाची नाही, अन् घुसली का निंघत नाही." शिष्य कित्येक महिन्यांनी मनापासून हसला.

श्रावणात गवताची टोके पाण्यावर दिसू लागली. भाद्रपदात सांडव्यावरून ओढ्यातले मासे उलटे चढून तळ्यात येताना दोन-चार पोरांनी पाहिले, पण पाण्यात काय आले आणि काय टिकले, हे कोणालाच सांगता येईना. कोजागिरी चार दिवसांवर आली. टोलीत बोचकी बांधून झाली होती. भिवरामायच्या मुलाने गाडीच्या आखाला वंगण घातले होते. कोठीतले धानही तळाला गेले होते.

कोजागिरीच्या आदल्या सकाळी भिवरामाय शेवटचे म्हणून डोंगा घेऊन तळ्यात गेली. काठाशी, गवताच्या आडोशाला, पाणी खालून लालसर दिसत होते. तिने वल्हे थांबवले. मरळीची शेकडो पिले, लाल रंगाची, एकमेकांना बिलगून वर येत होती, खाली जात होती. त्यांच्या खाली काळी पाठ हलली. आई पहाऱ्यावर होती.

तिने तिथूनच टोलीकडे तोंड करून हाक मारली, "सोडा रे! बोचकी सोडा!"

घाटावर उभ्या असलेल्या शिष्याने ती हाक ऐकली आणि तो पायऱ्या उतरून पाण्याशी गेला. थोड्या वेळाने डोंगा काठाला लागला. भिवरामाय म्हणाली, "बापू, तुमच्या हातचं गवत धरलं." त्याने तिच्या चिखलाने भरलेल्या पायांवर डोके ठेवले. ती संकोचून मागे सरली. पण तिचेही डोळे भरले होते.

त्या थंडीत बदके उतरली. फार नव्हती, अठरा होती, शिष्याने मोजली.

पहिली बदके उतरली त्या सकाळी बाबाजी वर्षभराने पुन्हा स्नानाला तळ्यावर आले. शिष्य धोतर घेऊन घाटावर उभा राहिला. बाबाजी दोन पायऱ्या उतरले, चार उतरले, आणि अडखळले. त्यांनी वाकून पाहिले. घोट्याला हिरवी वेल गुंडाळली होती. ती न तोडता, अगदी सावकाश सोडवून त्यांनी पाण्यात परत सोडली आणि हात जोडले. शिष्यानेही जोडले.

"दक्षिणा आज पोचली रे," ते म्हणाले. मग पुढच्याच पायरीवर दुसरी वेल अडकली, तसे कपाळाला आठ्या घालून पुटपुटले, "काय मेले हे गवत! जीव नकोसा केलाय."

शिष्य मोठ्याने हसला. त्याने ते ऐकले आणि तिथेच सोडून दिले.