रडलं तरी सोडायचं नाही

एका गावात एक भोळा मामा होता.

म्हणजे आधी तो नुसताच भोळा होता. नाव पुंजाराम. लोक त्याला रोज मामा बनवायचे. मग त्याच्या ताईला मुलगी झाली आणि तो खरोखरचा मामा झाला. गावाचे कष्ट वाचले.

पुंजा अंगाने पैलवान होता आणि मनाने वासरू. त्याला कुणी काही सांगितलं की तो मान डोलवायचा आणि म्हणायचा, "पक्कं ध्यानात ठेवलं." आणि ठेवायचाही. तीच तर भानगड होती.

त्याची ताई प्रतिभा तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होती. अपघाताच्या वॉर्डात. दाजी लष्करात, म्हणून ती आणि तिची तीन वर्षांची ईशू माहेरीच राहायच्या. घरात आणखी एक होते. पुंजाचे आणि ताईचे वडील, आबा. आबांचं वजन पंचेचाळीस किलो. त्यातले दोन किलो मिशांचे. आबा कुणाचंच ऐकायचे नाहीत. त्यांच्या मते ऐकणं हे त्यांच्यापेक्षा लहान असलेल्यांचं काम होतं, आणि त्यांच्यापेक्षा मोठं गावात कुणी उरलं नव्हतं.

ताईने गाडी घेतली. पुंजाने लायसन काढलं. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले होते, "थांब म्हटलं की थांबायचं." पुंजाइतका पटकन दुसरा कुणीच थांबला नाही.

ईशूचं जावळ पुढच्या महिन्यात होतं. देव डोंगरावर, वाट घाटाची. जावळ मामाच्या मांडीवरच व्हायला हवं आणि गाडीही मामाच चालवणार. ताईने ठरवलं, महिनाभरात या मामाला तयार करायचं.

"पुंज्या, एकच सांगते," ती म्हणाली. "गाडीत बसलास की पहिल्यांदा पट्टा लावायचा. मग बाकी सगळं."

"पक्कं ध्यानात ठेवलं."

दुसऱ्या दिवशी तो ताईला आणायला दवाखान्यात गेला. पायजमा घालणाऱ्या माणसाकडे पट्टा कुठला? घरात एकच पट्टा होता. तो टिप्या कुत्र्याच्या गळ्यात होता. पुंजाने तो काढला, आपल्या गळ्यात लावला आणि साखळी स्टिअरिंगला अडकवली. टिप्या खूश झाला. वाटेत भेटलेली बाकीची कुत्री फार गोंधळली.

ताईने कपाळावर हात मारला. "अरे, सीटचा पट्टा! हा बघ, खांद्यावरून घ्यायचा, कमरेवरून घ्यायचा, इथं खोचायचा. टक्क वाजलं पाहिजे. टक्क वाजल्याशिवाय जागचं हलायचं नाही."

"आधी तसं सांगायचंस ना," पुंजा म्हणाला. "पक्कं ध्यानात ठेवलं."

दोन दिवसांनी सरपंचांच्या पुतण्याचं लग्न होतं. पुंजा पंगतीला बसला. जेवला. ताक प्याला. पंगत उठली. पुंजा उठला नाही.

"उठा पैलवान, दुसरी पंगत बसायचीय," वाढपी म्हणाला.

"टक्क वाजलं नाही अजून."

"काय वाजलं नाही?"

"टक्क."

दुसरी पंगत बसली. पुंजा तिच्यातही जेवला. तिसरी बसली. चौघांनी मिळून त्याला ओढलं. तो हलला नाही. नवऱ्या मुलीचे काका हात जोडायला आले. शेवटी शेजारच्या एका पोराने पापड मोडला. टक्क. पुंजा लगेच उठला आणि हात धुवायला गेला.

घरी आल्यावर ताई म्हणाली, "अरे बाबा, ते गाडीत! पंगतीत नाही! आणि गाडीत सगळ्यात जास्त जपायचं ते मुलांना. मूल पुढं बसवायचं नाही. मूल मांडीवर घ्यायचं नाही. मुलं कायम मागं."

"हां!" आबा ओट्यावरून म्हणाले. "चाळीस वर्षं मी पोरांना मांडीवर घेऊन पुढं बसतोय. काय झालं?"

"आबा, माझ्या वॉर्डात या एकदा. आठवड्याला एक पोर येतं, कुणाच्या तरी मांडीवरून उडालेलं. सोबतचं माणूस हेच म्हणत असतं. एवढं घट्ट धरलं होतं, असं कसं झालं?"

आबांनी मिशीला पीळ दिला. कुणी खरं बोललं की ते मिशीला पीळ द्यायचे.

पुंजाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो पुटपुटत होता. मूल पुढं नाही. मूल मांडीवर नाही. मुलं मागं.

दुसऱ्या दिवशी ताईने त्याला अंगणवाडीत पाठवलं, ईशूला आणायला. अंगणवाडीच्या बाईंनी विचारलं, "मामा, ईशूला पुढं बसवू?"

"मुलं मागं," पुंजा म्हणाला.

"सगळी मुलं?"

पुंजाने विचार केला. ताई 'मुलं' म्हणाली होती, 'ईशू' म्हणाली नव्हती. "सगळी."

मग पुंजाची गाडी निघाली. आत पुंजा एकटा. पट्टा लावून. टक्क वाजवून. मुंगीच्या चालीने. आणि गाडीच्या मागे सत्तावीस मुलं, दोन-दोनच्या रांगेत, 'एक होता चेंडू' असं काहीतरी ओरडत. त्यांच्या मागे बाई, हातात हजेरीचं रजिस्टर. लोकांना वाटलं निवडणूक लागली. दोघांनी हार घातले. एका म्हातारीने काचेतून आत डोकावून पाण्याच्या टाकीचं गाऱ्हाणं सांगितलं. पुंजा म्हणाला, "पक्कं ध्यानात ठेवलं." निवडणुकीतसुद्धा हेच म्हणतात, त्यामुळे तिचा संशय पार फिटला.

मिरवणूक दारात आली तेव्हा ताई ओट्यावर मटकन बसली.

"मागं म्हणजे मागच्या सीटवर, पुंज्या! तिथं ईशूची छोटी खुर्ची बसवलीय ना? त्यात बसवायचं. पट्टा लावायचा. दाराचं मुलांचं कुलूप लावायचं, म्हणजे आतून दार उघडत नाही. मूल रडेल. ओरडेल. रडलं तरी सोडायचं नाही! दया आली तरी सोडायचं नाही!"

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"मूल म्हणजे केवढं?"

ताई बिचारी दिवसभर उभी राहून आली होती. सत्तावीस मुलांना अजून घरोघर पोचवायचं होतं. ती करवादली, "अरे, जे सांगून ऐकत नाही, हट्ट करतं, हातपाय आपटतं, ते मूल!"

पुंजाने डोळे मिटले. ओठ हलवले. डोळे उघडले.

"पक्कं ध्यानात ठेवलं."

जावळाचा दिवस उजाडला. मुहूर्त साडेदहाचा. ईशू नवा झगा घालून आपणहून खुर्चीत जाऊन बसली आणि म्हणाली, "मामा, टक्क कर." पुंजाने टक्क केलं. ताई पुढे बसली. टक्क.

आबा आले. धोतर, कोट, टोपी, हातात नारळ. त्यांनी पुढचं दार उघडलं.

"ऊठ प्रतिभा. मी पुढं बसणार. आणि नात माझ्या मांडीवर बसणार."

"नाही आबा. ती तिच्या खुर्चीत. तुम्ही तिच्या शेजारी मागं बसा, पट्टा लावा."

"मी? पट्टा? मी काय बैल आहे?"

"घाट आहे आबा. मला माझी पोरगी जशीच्या तशी परत आणायचीय. तुम्हालाही."

"पट्टा लावणार नाही! मागं बसणार नाही! नात मांडीवर दिली नाही तर मी येणारच नाही!" आणि आबांनी पाय आपटला. मग दुसरा आपटला.

"आबा," ताई म्हणाली, "लहान मुलासारखं करू नका!"

पुंजाने आबांकडे पाहिलं. सांगून ऐकत नाही. हट्ट करतं. हातपाय आपटतं.

तो खाली उतरला. त्याने आबांना नारळासकट उचललं, मागच्या सीटवर ठेवलं, खांद्यावरून घेतलं, कमरेवरून घेतलं, टक्क. दार लावलं. मुलांचं कुलूप.

"पुंज्या! सोड! अरे, बाप आहे मी तुझा!"

"रडलं तरी सोडायचं नाही," पुंजा प्रेमाने म्हणाला आणि गाडी चालू केली.

ताईने तोंडाला पदर लावला. ती खोकत होती असं ती नंतर म्हणाली.

आबांनी पट्टा ओढला, ढकलला, त्याला शिव्या घातल्या. पण चाळीस वर्षांत त्यांनी तो कधी लावलाच नव्हता. त्यामुळे सोडतात कसा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ईशूला ठाऊक होतं. पण ईशूने सांगितलं नाही. "आबा, रडायचं नाही. देव आला की मामा काढतो," एवढंच ती म्हणाली.

घाटात तिसऱ्या वळणावर एक म्हैस आडवी आली. पुंजाला परीक्षेतलं आठवलं. थांब म्हटलं की थांबायचं. म्हैस काही म्हणाली नव्हती, पण तिचा चेहरा तसाच होता. पुंजाने कचकन ब्रेक मारला.

आबांची टोपी उडाली. ती पुढच्या काचेवर आपटली. नारळ उडाला. तो ताईच्या आणि पुंजाच्या मधून गेला, समोर आपटला आणि फुटला. गाडीभर पाणी झालं.

आबा उडाले नाहीत. ईशू उडाली नाही. जो तो जिथल्या तिथे होता.

आबा बराच वेळ नारळाच्या दोन तुकड्यांकडे पाहत राहिले. मग ईशूच्या डोक्याकडे. मग त्यांनी मिशीला पीळ दिला.

"पुंज्या, आता तरी सोड," ते जरा हळू म्हणाले.

"रडलं तरी सोडायचं नाही."

देवळाशी पोचले तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. ताई ईशूला घेऊन धावत आत गेली. पुंजा तिच्यामागे धावला. सनई वाजत होती, हलगी कडकडत होती. नाना न्हावी वस्तरा पाजळून बसले होते. नानांना चष्म्याशिवाय समोरचं सगळं धूसर दिसायचं. चष्मा खिशात होता. कुणी 'चष्मा लावा' म्हटलं की ते म्हणायचे, "पन्नास वर्षं बिनचष्म्याचा करतोय. काय झालं?" अशी माणसं सगळीकडे असतात.

"चल पुंज्या, बस. मूल मांडीवर घे," ताई म्हणाली.

पुंजा दोन पावलं मागे सरला. "मूल मांडीवर घ्यायचं नाही."

"अरे, ते गाडीत! जावळात मामाची मांडीच लागते!"

"मग आधी तसं सांगायचंस ना."

"दहा मिनिटं राहिलीत! आणि आबा कुठं आहेत?"

"गाडीत. कुलपात."

"एकटे? उन्हात?" ताई किंचाळली. "पुंज्या, बंद गाडीत कुणाला एकटं सोडायचं नसतं, एक मिनिटसुद्धा नाही! पळ! आधी बाहेर काढ! मग नानांसमोर मांडी घालून बस. मूल मांडीवर घ्यायचं, घट्ट धरायचं, डोकं हलू द्यायचं नाही. रडलं तरी सोडायचं नाही. मी टाक्यावर हिचे केस भिजवून आणते."

"पक्कं ध्यानात ठेवलं."

पुंजा पळाला. त्याने दार उघडलं. पट्टा सोडला. आबांना बाहेर काढलं. आबांनी सुटकेचा श्वास घेतला. तो अर्धाच झाला. पुंजाने त्यांना काखोटीला मारलं, देवळात आणलं, नानांसमोर मांडी घालून बसला, मूल मांडीवर घेतलं आणि घट्ट धरलं.

"आणलं का भाचरू?" नाना म्हणाले. त्यांनी चाचपून पाहिलं. "जरा मोठं दिसतंय."

"खाऊनपिऊन आहे," पुंजा म्हणाला.

"अरे नान्या, मी आहे! मी आबा!"

"बोलतंय की चांगलं," नाना म्हणाले आणि पाणी लावलं. "आबा-आबा करतंय. आजोबांचा लळा दिसतो."

सनई वाढली. हलगी वाढली. आबा वाढले. पुंजा ढळला नाही. नाना पन्नास वर्षांच्या सवयीने कपाळापासून मानेपर्यंत सरसर गेले. मग खाली उतरले आणि मिशांपाशी थांबले.

"एवढं केसाळ पोर जन्मात बघितलं नाही," ते म्हणाले. आणि तेही केलं.

ताई ओल्या केसांच्या ईशूला घेऊन आली तेव्हा साडेदहा वाजत होते. पुंजाच्या मांडीवर काहीतरी गुळगुळीत, गोल आणि हुंदके देणारं बसलं होतं.

हलगी थांबली.

"ताई," पुंजा घाम पुसत म्हणाला, "लई रडलं. पण सोडलं नाही."

ईशू जवळ गेली. तिने आबांच्या डोक्यावरून हात फिरवला. मग मिशा होत्या तिथे फिरवला.

"आबा बाळ झाले," ती म्हणाली.

नानांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. समोर पाहिलं. काढून पुसला. परत चढवला. मग त्यांनी ईशूचं जावळ केलं, पुंजाच्याच मांडीवर, अगदी हळूहळू. ईशू रडली नाही.

परतताना आबा सगळ्यात आधी गाडीत जाऊन बसले. मागे, ईशूच्या खुर्चीशेजारी. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी पट्टा खांद्यावरून घेतला, कमरेवरून घेतला.

टक्क.

पीळ द्यायला वर गेलेला हात तसाच खाली आला.

गावात अजूनही कुणी विचारलं की पुंजा मान ताठ करून सांगतो. त्या दिवशी मुहूर्त चुकला नाही, मांडी चुकली नाही, वस्तराही चुकला नाही.

डोकं तेवढं चुकलं.